बारावी खूण

दुकान बंद होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना अजून सगळे घड्याळजीच म्हणत. खरं तर त्यांना कुणी काही म्हणावं असे प्रसंगच आता कमी झाले होते. सकाळी दूध आणताना भेटणारी दोन माणसं, संध्याकाळी खालची मोबाइलवाली आणि रविवारी परगावच्या लेकीचा फोन. बाकी दिवसभर वरच्या दोन खोल्यांत ते आणि भिंतीवरची नऊ घड्याळं. नऊही एकदम ठोके देत, कारण पुढेमागे चाललेलं त्यांना खपत नसे. मात्र इतकी अचूक वेळ पाळून जायचं कुठे, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मोबाइलवाली बसत होती ती जागा मुळात त्यांच्याच दुकानाची. लोक मनगटाऐवजी फोनमध्ये वेळ बघायला लागले आणि घड्याळांचा धंदा बसला. कानामागून आला आणि तिखट झाला तो फोन, त्यालाच घड्याळजींनी आपली जागा भाड्यानं दिली. चाळिशी ओलांडलेली ही बाई तोंडानं फटकळ, पण काकांचा चहा रोज न चुकता मागवायची.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. घड्याळ उघडून साफ केलं, की बंद करण्याआधी मागच्या झाकणाच्या आत सुईनं बारीक खूण कोरायची. आपली निशाणी आणि खाली तारीख. गिऱ्हाइकाला ती जन्मात दिसत नाही. ती असते पुढच्या कारागिरासाठी, की बाबा रे, तुझ्याआधी इथं अमक्याचा हात फिरलाय. घड्याळजींची निशाणी म्हणजे एक बारीक गोल आणि त्यातून आरपार गेलेली आडवी रेघ.

बायकोच्या घड्याळाच्या झाकणात अशा अकरा खुणा होत्या. ती शाळेत शिकवायची आणि शाळेची घंटा तिच्या मनगटावरचं घड्याळ बघून व्हायची. दर दोन वर्षांनी, सुट्टी लागली की ती घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवायची. "घ्या, तुमचं गिऱ्हाईक आलंय," म्हणायची. बावीस वर्षं हे चाललं.

बाराव्या वेळी ती दवाखान्यात होती. मनगट इतकं बारीक झालं होतं की पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं. तिनं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. "अहो, हे थांबलंय. चालू करून आणा. इथलं भिंतीवरचं सात मिनिटं पुढे आहे. मला उगाच घाई झाल्यासारखी वाटते."

"उद्या आणतो," ते म्हणाले.

दुकानात लोकांची घड्याळं खोळंबली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं नंतर. घड्याळ खणात पडून राहिलं. ती रोज विचारायची, ते रोज 'उद्या' म्हणायचे. दहाव्या दिवशी विचारायला ती उरली नाही. त्यानंतर त्या खणाला हात लावायची त्यांची छाती होईना. दुकान मोडलं तेव्हा खणासकट सगळं सामान भंगारवाल्याला देऊन टाकलं. महिन्याभरानं भानावर येऊन ते भंगारवाल्याकडे धावले. त्यानं खांदे उडवले. माल केव्हाच पुढे गेला होता.

तेव्हापासून घड्याळजी जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या साइटवर बसायला लागले. मोबाइलवालीनंच खातं उघडून दिलं होतं. रोज दुपारी बायकी घड्याळांचे फोटो बघायचे. चार वर्षं हाच त्यांचा उद्योग. मोबाइलवाली चिडवायची, "काका, लोक या वयात देवाचं नाव घेतात, तुम्ही बायकांची मनगटं बघताय!"

आणि एका शनिवारी ते घड्याळ त्यांना दिसलं. तीच डायल, चारच्या आकड्याजवळ तोच पिवळट डाग. तिसरा फोटो उघडलेल्या झाकणाचा होता. आत गोल आणि रेघ, गोल आणि रेघ, गोल आणि रेघ. आपलं अक्षर कुणी विसरतं का? जिन्यानं खाली उतरून त्यांनी मोबाइलवालीकडून पहिली बोली लावून घेतली. बोली संपायला दोन दिवस होते आणि ते दोन दिवस ते डोळ्यांत तेल घालून फोनपुढे बसले. कुणीतरी सारखं वर चढत होतं, तेही चढत गेले. शेवटी घड्याळ त्यांना मिळालं.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. त्यांनी टेबल पुसलं, भिंग, चिमटे, तेलाची कुपी मांडली. हात साबणानं धुतले. घड्याळ तसंच होतं, कंपनीही तीच, पण डायल कोरी. डाग नव्हता. तरी मन मानेना. त्यांनी मागचं झाकण उघडलं. आतून ते स्वच्छ होतं. एकही खूण नव्हती. आणि घड्याळ बंद होतं.

किती वेळ ते तसेच बसले कुणास ठाऊक. नऊ घड्याळांनी दोनदा ठोके दिले एवढं खरं.

"पार्सल उघडताना व्हिडिओ काढलात का?" मोबाइलवालीनं पहिला प्रश्न हा टाकला.

"नाही गं."

"झालं! म्हणजे आता मी सांगणार ते वरातीमागून घोडं. तरी ऐका. आलं तसं परत खोक्यात ठेवा. वरच्या चिठ्ठीचा फोटो काढा, घड्याळाचा काढा, त्यानं टाकलेले फोटो उतरवून ठेवा, नाहीतर तो पुसून टाकेल. साइटवर तक्रार करायची, सात दिवसांच्या आत. त्याच्याशी फोनवर बोलायचं नाही, जे काय ते साइटवर लिहून. आणि काका, हात जोडते, ते दुरुस्त करायला घेऊ नका. चालू केलंत तर तो म्हणेल, मी चालूच पाठवलं होतं."

रविवारी लेकीनंही हेच सांगितलं. ती उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत होती, पण बोलणं खरं होतं. "बाबा, तक्रार करा, पैसे परत मिळतील. त्याचं खातंही बंद होईल."

घड्याळजी नेमके तिथेच अडले. खातं बंद झालं की तो माणूस गेला आणि त्याच्याबरोबर घड्याळाचा मागही गेला. त्यांना पैसे कुठे हवे होते? लेकीला हे सांगावंसं वाटलं. पण आईचं घड्याळ आपण हरवलं हे त्यांनी तिला कधी कळू दिलं नव्हतं. ते नुसतं "बघतो" म्हणाले.

त्यांनी साइटवरूनच विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, 'मी बरोबर वस्तू पाठवली. तुम्हीच बदललीत.' चोराच्या उलट्या बोंबा! तरी त्यांनी राग गिळला आणि एका बोटानं टाइप करत पुन्हा लिहिलं. 'पैसे ठेवा. तक्रार करणार नाही. फोटोतलं नुसतं झाकण पाठवा. ते माझ्या बायकोचं आहे.' चोरापुढे असं गयावया करताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकापुढेही कधी हात पसरले नव्हते.

तीन दिवस काहीच नाही. ते दर तासाला फोन बघायचे. पार्सल आल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी दोन ओळी आल्या. 'झाकण माझ्याकडे नाही. ते फोटो मी दुसऱ्याच्या जुन्या विक्रीतून घेतले होते. ते घड्याळ केव्हाच विकलं गेलंय.'

ते खाली गेले आणि फोन मोबाइलवालीपुढे ठेवला. तिनं वाचलं, त्याला दोन शेलक्या शिव्या हासडल्या आणि म्हणाली, "मूर्ख! स्वतःच्या हातानं पुरावा दिलाय. थांबा, आता तक्रार ठोकते." तिनं विक्रेत्यानं टाकलेले ते तीन फोटो आपल्या मोठ्या पडद्यावर घेतले. झाकणाचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"काका, या सगळ्या तुमच्याच खुणा?"

"अकराच्या अकरा."

"इथं तर बारा आहेत. ही शेवटची वेगळीच दिसते."

घड्याळजींनी खिशातलं भिंग काढून पडद्याला लावलं. नुसते रंगीत ठिपके दिसले. मोबाइलवालीनं त्यांचा हात हळूच बाजूला केला. मग त्यांना नीट दिसलं. त्यांच्या अकरा खुणांच्या खाली, रांग न मोडता, एक छोटा त्रिकोण होता आणि तारीख. बायको गेल्यानंतर दीड वर्षाची.

चार वर्षं त्यांनी शोध घेतला, दोन दिवस त्या फोटोवरून नजर हटवली नाही, आणि दिसलं काय तर स्वतःचंच अक्षर! दुसऱ्याची खूण वाचायला शिकलेला माणूस, आपल्या खुणा बघून आंधळा झाला होता.

"कुणीतरी चालू केलं ते," ते म्हणाले.

"मग चांगलंच झालं की, काका."

चांगलं झालं होतं. पण ते काम त्यांचं होतं. तिनं ते त्यांना सांगितलं होतं, नऊ दिवस रोज सांगितलं होतं. त्या त्रिकोणवाल्यानं ते एका बैठकीत करून टाकलं असेल, कुणासाठी करतोय हे माहीत नसताना. दुकानातल्या स्टुलावर बसून घड्याळजी रडले. मोबाइलवालीनं शटर अर्धं खाली ओढलं आणि गिऱ्हाइकाला "जेवायची सुट्टी आहे" म्हणून वाटेला लावलं.

तक्रार मान्य झाली. उद्या माणूस येऊन घड्याळ घेऊन जाईल, आलं होतं तसंच द्यावं, असा निरोप आला.

त्या दुपारी घड्याळजींनी खोकं उघडलं. हात धुतले, भिंग डोळ्याला लावलं. मशीन वाळलेल्या तेलानं चिकटलं होतं, बाकी आजार काही नव्हता. हेही कुणाचं तरी होतं. कुणीतरी कुणालातरी म्हटलं असेल, चालू करून आणा. त्यांनी एकेक चाक काढलं, धुतलं, सुईच्या टोकानं तेल दिलं. कोऱ्या झाकणात त्यांनी एक गोल कोरला, त्यातून रेघ काढली आणि खाली आजची तारीख घातली. मग चावी दिली आणि घड्याळ कानाशी धरलं.

फोन वाजला. लेक होती. "बाबा, उद्या ते परत देताय ना? हात नाही ना लावलात?"

"लावला. चालू केलं."

"अहो बाबा! आता पैसे गेले की! आणि कुणासाठी केलंत?"

त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. "तुझ्या आईनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी केलं नाही. नऊ दिवस उद्या उद्या म्हणत राहिलो."

लेक हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा. ती मलाही रोज फोनवर सांगायची. म्हणायची, त्यांना आठवण करून देऊ नकोस, घड्याळ चालू करून आणलं की इथं यायचं कारण संपेल त्यांचं. मी विचारते, ते 'उद्या' म्हणतात, तर उद्या येतात तरी."