काटेवाल्यांची वीस मिनिटं

पेन्सिल ते सुरीनंच तासायचे. चहा उभ्यानं प्यायचे. हसू आलं की आधी चष्मा काढायचे. घरात घड्याळं दोन: भिंतीवरचं बायकोसाठी, टेबलावरचं जगाच्या वेळेचं, स्वतःसाठी. हेडफोन उतरवला की दोन्ही कान चोळायचे, मगच बोलायचे. मोर्सच्या टकटक करणाऱ्या कळीवर बोट चालू असलं की तोंड बंद.

सगळे त्यांना काटेवाले म्हणत. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. दोन ग्रॅमचा फरकही खपायचा नाही. घरून बिनतारी संदेश पाठवायच्या हौशी रेडिओतही तोच खाक्या. तिथं एक शिस्त आहे. दोघांनी एकमेकांची ओळखीची अक्षरं, म्हणजे रेडिओवरचं नाव, नीट ऐकायची, ऐकल्याचं परत कळवायचं, तरच गाठ पडली असं धरायचं. फोन करून "ऐकलंस का रे?" विचारलं की बाद.

नऊ हिवाळे त्यांनी एकच ध्यास घेतला होता. समुद्रापलीकडच्या कप्तानाला एकशेसाठ मीटरवर गाठायचं. कप्तान नुसता नावाचा; जहाजावर तो बिनतारी संदेशवाला होता. एकशेसाठ मीटर म्हणजे रेडिओलहरींचा सगळ्यात खालचा, सगळ्यात हट्टी पट्टा. इथं सूर्य उगवताना आणि तिथं मावळताना वीसेक मिनिटं वाट उघडते, तीही उघडली तर. त्यासाठी झाडावर उंच तार होती, जमिनीत अडतीस तारा पुरल्या होत्या.

"फोनवर तासभर बोलता की त्याच्याशी," त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू, म्हणायच्या. "आणखी काय सांगायचं राहिलंय?"

"फोनमध्ये मध्ये कंपनी असते. यात फक्त तो आणि मी."

"आणि तार ओढायला मी. फुकटची हमाल!"

काटेवाल्यांनी चष्मा काढला.

यंदा कप्तान घर विकून मुलाच्या फ्लॅटवर निघाला होता. तिथं तार लावू देणार नव्हते. हातात चार पहाटा होत्या.

पहिल्याच पहाटे कप्तान ऐकू आला. अगदी बारीक, पण तोच. काकू स्वयंपाकघरात कळीची टकटक ऐकत होत्या. ती चालू असेतो घरात कसलंही बटण दाबायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. टकटक थांबली. संपलं वाटतं, म्हणून त्यांनी पाण्याचा पंप लावला.

संपलं नव्हतं. काटेवाले ऐकत होते. कप्तान त्यांची अक्षरं परत देत होता. सहापैकी चार आली आणि हेडफोनमध्ये घरघर भरली.

काकूंनी दारातून त्यांची पाठ पाहिली आणि धावत जाऊन पंप बंद केला. तोवर बाहेर उजाडलं होतं.

"अहो, मला वाटलं झालं तुमचं."

"असू दे गं. अजून तीन दिवस आहेत."

वहीत त्यांनी लिहिलं: अपूर्ण.

"चार आली ना? दोन लिहून टाका. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

मग ते लगेच कामाला लागले. पंपापासून लांब, मागच्या कुंपणालगत, ऐकण्यापुरती एक वेगळी तार टाकायची. गुडघाभर उंचीची, सोळा खुंट्यांवर. संध्याकाळच्या आत झाली पाहिजे, म्हणाले. दुपारी काकू पाणी घेऊन गेल्या तेव्हा ते कुंपणाला टेकून बसले होते.

"जरा दम लागलाय," म्हणाले. "हातोडी दे."

काकूंनी हातोडी दिली. त्यांनी ती धरली नाही.

रुग्णवाहिका आली, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कप्तानाचा फोन आला.

"वहिनी, शिस्त मोडून सांगतो. त्या पहाटे मला तो पूर्ण ऐकू आला. माझ्या वहीत गाठ पडलीय."

"त्यांना चारच अक्षरं आली, भावजी. मी पंप लावला."

"वहिनी, असं नका—"

"तुम्ही तुमच्या वहीत राहू द्या. त्यांच्या वहीत मी हात घालणार नाही."

मागच्या कुंपणाशी नऊ खुंट्या ठोकलेल्या आहेत. तार नवव्या खुंटीपर्यंत ताणलेली आहे. दहावी मातीत बोटभर गेली आहे, जराशी तिरकी. उरलेल्या सहा ओळीनं गवतात पडल्या आहेत, आपापल्या जागेपाशी.