अस्तराची बंडी

चाळीस वर्षं मास्तर दुसऱ्यांचे खांदे पाहत आले होते. स्वतःच्या खांद्याकडे पाहायची वेळ आली तेव्हा त्यांचं वय एकसष्ट होतं.

मास्तर शाळेतले नव्हेत, कापडातले. कोट आणि सूट शिवणाऱ्या एका दुकानात ते कटिंग मास्तर होते. दुकानाच्या मागच्या खोलीत आठ फूट लांब नि चार फूट रुंद टेबल होतं, आणि त्यांचं बहुतेक आयुष्य त्या टेबलाच्या एका कडेला उभं राहून गेलं. गिऱ्हाइकाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नसे. कुणाचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, कुणाच्या पाठीला पोक यायला लागलाय, हे मात्र दहा वर्षांनीही आठवे.

"चेहरा विसरतो, मुंढा विसरत नाही," खांद्याला बाही जिथं जोडतात तिथं बोट ठेवून ते म्हणत.

"म्हणूनच लग्नाच्या फोटोत मला शोधत बसता," बायको म्हणे.

एका सकाळी वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना पायाखालचं स्टूल सरकलं. उजव्या दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात होता. तेवढे दिवस बायकोनं त्यांच्या शर्टाची बटणं लावली, केस विंचरले. भांग ती नेहमी चुकीच्या बाजूला पाडी. मास्तरांनी तो एकदाही बदलायला सांगितला नाही. घरात कुणी आपल्यासाठी इतकं करतं तेव्हा काय बोलायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

हाड जुळलं. पट्टा निघाला. हात मात्र छातीच्या वर जाईना.

दुकानाचे मालक घरी येऊन गेले. चहा पिऊन झाल्यावरही बराच वेळ कप हातात धरून बसले. "मास्तर, थंडीच्या कोटांचं काम सुरू होईपर्यंत टेबल तुमचं. सध्या एक तात्पुरता माणूस बसवलाय. पण एकदा काम सुरू झालं की मला कायमचा बसवावा लागेल."

मालकांचं काही चुकत नव्हतं. चार फुटांच्या टेबलाची पलीकडची कड हाताला लागत नसेल, तर त्या टेबलापाशी उभं राहण्यात अर्थ नाही. मास्तरांनी हिशेब केला. अडीच महिने होते.

फिजिओथेरपीचा विभाग दवाखान्याच्या तळघरात होता. खिडक्या छताला लागून, त्यातून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसत. आत एक कप्पी आणि तिच्यावरून सोडलेली दोरी, चालायला शिकण्यासाठी दोन समांतर दांड्या, एक मोठा निळा चेंडू. शेकाच्या गरम पिशव्यांचा ओल्या कापसासारखा वास. इथं येणारा प्रत्येक जण काहीतरी परत मागायला आलेला असे: जिना, मांडी घालून बसणं, सही.

ताई तिथल्या फिजिओथेरपिस्ट. मास्तरांच्या मुलीच्या वयाच्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी एक तळवा मास्तरांच्या पाठीच्या फऱ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं कोपर उचललं. मास्तर कापडाचा पोत बघताना असाच हात ठेवत. या बाईच्या हाताला दिसतं, असं त्यांच्या मनात आलं.

शेजारी सायकलवर एक निवृत्त बसड्रायव्हर गुडघा हलवत बसलेले असत. "जन्मभर बस चालवली," ते म्हणाले, "आता सायकल चालवतोय आणि कुठं पोचतच नाही."

ताईंनी घरी करायला व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. जिथं बोटं थांबतील तिथं पेन्सिलनं रेघ.

मास्तर रेघ मारण्यात पटाईत. रेघ रोज थोडी वर सरके. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत दाखवू लागली. इतकं छान चाललंय म्हटल्यावर तीन आठवडे मास्तर तळघरात फिरकलेच नाहीत. टेबल आपलंच, असं धरून चालले.

चौथ्या आठवड्यात ते गेले ते शाबासकी घ्यायला. ताईंनी त्यांना उताणं झोपवलं, फरा तळव्यानं दाबून धरला, हात जाईल तितका वर नेला आणि कोनमापक लावलं.

"पंच्याऐंशी."

"आधी किती होता?"

"पंच्याऐंशी."

मास्तर उठून बसले. "मोजण्यात चूक असेल."

"भिंतीशी उभे राहा. घरी करता तसंच करा."

मास्तरांनी बोटं भिंतीवर चढवली. घरच्या रेघेइतकी उंच गेली. त्यांनी मागे वळून पाहिलं. ताई भिंतीकडे बघतच नव्हत्या.

"खांदा कानाला लागलाय," त्या म्हणाल्या. "कंबर मागे गेलीय. टाचा उचलल्यात. अख्खं अंग वर गेलं मास्तर, सांधा जागचा हलला नाही."

"गाडी स्टँडवरच," ड्रायव्हर सायकलवरून म्हणाले, "नुसता हॉर्न वाजतोय."

मास्तर हसले नाहीत. गळ्याभोवती टेप टाकून काढलेली सगळी वर्षं त्यांच्यासमोर उभी राहिली. कंबरेचं माप घेताना प्रत्येक गिऱ्हाईक पोट आत ओढतं. फसवायचं कुणाच्याच मनात नसतं. टेप दिसला की अंग आपणहून चांगलं दिसायला बघतं.

"मापाला उभं राहिलेलं प्रत्येक पोट असंच करतं," ते हळू म्हणाले.

"मग तुम्ही काय करता?"

"काहीतरी विचारतो. पाऊसपाण्याचं, पोराबाळांचं. बोलता बोलता पोट जागेवर येतं."

"खांदा असा बोलता बोलता खाली यायचा नाही. तो कुणीतरी धरायला हवा. आणि तुमच्या घरी मी नसते."

पाच आठवडे उरले होते.

त्या दुपारी मास्तर भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. बायको ओलं फडकं घेऊन आली. "पुसू का?"

"नको. असू दे." मग म्हणाले, "अगं, अस्तराचा एखादा तुकडा आहे का?"

तो त्यांनी डाव्या हातानं, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापला. कड उंदरानं कुरतडल्यासारखी आली. बायकोनं ते सांगतील तिथं कच्चे टाके घातले. बिनबाह्यांची, अंगासरशी बसणारी बंडी. बाही लावली असती तर हात उचलतानाच चुणी पडली असती, म्हणून बाही नाही. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पांढऱ्या दोऱ्याची एक सरळ शिवण. मास्तरांनी बंडी घातली आणि खांदा मुद्दाम वर उचलला. कॉलरच्या जागी कापड गोळा झालं, शिवण वाकडी झाली. खांदा खाली, कापड साफ.

"झोळ आला की सांग," ते म्हणाले.

"एवढंच ना," बायको म्हणाली. "तुमच्यातला दोष सांगायचं काम, तेही तुमच्याच परवानगीनं."

ती रोज मागे स्टूल टाकून बसू लागली. हातात निवडायची भाजी, डोळे शिवणीवर. "अहो, झोळ." मास्तर खांदा सोडत, पुन्हा चढत. "झोळ." पुन्हा. पहिली खरी रेघ जुन्या रेघेच्या वीतभर खाली आली. ती मारताना मास्तरांचं तोंड उतरलं, पण त्यांनी ती मारली.

त्यानंतर तळघर एक दिवसही चुकलं नाही. ताई सांधा ताणत तेव्हा डोळ्यांत पाणी येई. ताई म्हणत, "दहापर्यंत मोजा." मास्तर इंचात मोजत आणि साडेनऊला थांबत. त्या दुखण्याचा त्यांना राग येत नव्हता. हाड मोडलं तेव्हाच्या दुखण्याला कुठं जायचंच नव्हतं. हे दुखणं रोज थोडं पुढं जात होतं.

बंडी पाहून ताईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे कुणी सुचवलं?"

"कापडानं."

"अशा आणखी तीन हव्यात मला. वेगवेगळ्या मापाच्या."

"गुडघ्याची शिवत नाही का हो?" ड्रायव्हर म्हणाले.

शंभर झाले. एकशे दहा. एकशे तीस. हवेत गारवा आला आणि मालकांचा निरोपही.

मास्तर बायकोला घेऊन दुकानात गेले. टेबलावर राखाडी लोकर पसरलेली होती. मालक दारात उभे, तात्पुरता माणूस कोपऱ्यात खाली मान घालून. मास्तरांनी खडू घेतला, हात टेबलावरून पुढं नेला. मधोमध खांदा आखडला. ते थांबले, तो खाली सोडला, पुन्हा हात पुढं नेला. पलीकडच्या कडेला खडू टेकला आणि तिथून त्यांनी सरळ रेघ ओढत आणली.

बायको मागे उभी होती. सवयीनं तिची नजर त्यांच्या कॉलरवर होती. ती काहीच बोलली नाही. त्या न बोलण्यावरून मास्तरांना कळलं.

"सोमवारपासून या," मालक म्हणाले. "वरच्या फळीला मात्र हात लावायचा नाही."

वरची फळी त्यांच्या हाताला पुन्हा कधी आलीही नाही. तागा दुसरं कुणीतरी काढून देई, आणि मास्तर दर वेळी त्याच्याकडे बघून मान हलवत. पूर्वी त्यांना ही सवय नव्हती.

टेबलावर कापलेला पहिला कोट ताईंचा. ताई नको नको म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "माप घेऊन झालंय. दोन महिने समोर होतात."

ट्रायलला त्या दुकानात आल्या. कोट कच्च्या टाक्यांवर उभा होता. मास्तरांनी पाठ पाहिली, मुंढा पाहिला. "हात वर करा. डावा. आता उजवा."

उजवा हात वर गेला आणि कॉलरपाशी कापड गोळा झालं.

"ताई, झोळ."

"कापण्यात चूक असेल," ताई म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःचं हसू आलं.

मास्तर थांबले. पाऊसपाण्याचं काही विचारलं नाही. "किती दिवस दुखतोय?"

"आठ महिने. दिवसाला वीस जणांचे हात-पाय उचलते. माझा बघायला वेळ कुठं होतो?"

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या. उजव्या बाहीचे टाके उसवले आणि बाही घडी करून बाजूला ठेवली. अस्तराचा तुकडा टेबलावर पसरला.

"आधी तुमच्या मापाची बंडी," ते म्हणाले. "बाही नंतर लावू."

"थंडी संपेल तोवर, मास्तर."

"संपू दे. पुढच्या थंडीला घाला. टेबल माझंच आहे."