ड्रॉइंग मास्तरांची बायको

प्रभाकररावांचं चित्र नागपूरच्या अजब बंगल्यात लागलं आहे, ही गोष्ट कोकिळेला लग्नानंतर चार-पाच दिवसांनी कळली, आणि ती त्यांनीच सांगितली. ते वर्ध्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. सिंदी मेघेत भाड्याच्या दोन खोल्या. त्यातली एक रंगाच्या डब्यांनी आणि कागदांच्या गुंडाळ्यांनी भरलेली. कोकिळा रोहण्याच्या शेतकऱ्याची लेक, मॅट्रिक झालेली. चित्र म्हणजे दिवाळीत कापडदुकानातून मिळतं ते कॅलेंडर, एवढंच तिला ठाऊक. अजब बंगला म्हणजे नागपूरचं म्युझियम, हेही तिला तेव्हाच समजलं.

"कशाचं चित्र हाय?" तिनं विचारलं.

"बाया कापूस वेचून घरी चालल्या आहेत. डोक्यावर गाठोडी, संध्याकाळची वेळ. मोठं आहे, या भिंतीएवढं."

मास्तर घरातही शाळेतल्यासारखं पुस्तकी बोलत. चिडले की तेवढे वऱ्हाडीवर येत.

ही गोष्ट सगळ्या आळीला माहीत होती. दूधवाला नव्या गिऱ्हाइकाला मास्तरांचं घर दाखवताना तेच सांगे. कोकिळेला त्याचा अभिमान वाटू लागला. घरात बाकी अभिमान वाटावा असं फार नव्हतं. मास्तर घुमे होते. जेवलीस का, बरं वाटतं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

एकाहत्तर साली, थंडीत, शाळेची सहल नागपूरला निघाली. कोकिळेला पाचवा महिना होता, तरी ती मागे लागून सोबत गेली. नवऱ्याचं चित्र बघायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसली. म्युझियमच्या दाराशी मास्तर थांबले आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तू आत नको येऊस. आत हाडांचे सांगाडे आहेत, पेंढा भरलेले वाघ आहेत. या दिवसांत असलं पाहू नये. पोटातल्या बाळाला बाधतं."

ती बाहेर निंबाच्या झाडाखाली बसली. पोरांचे डबे, स्वेटर तिच्यापाशी. पोरं हसत-खिदळत बाहेर आली तोवर तिचे पाय आखडून गेले होते. पण मन भरून आलं होतं. हा माणूस बोलत नाही, पण याला आपली काळजी आहे. पुढं कित्येक वर्षं ती ही गोष्ट माहेरी सांगायची, शेजारणींना सांगायची. नवऱ्याच्या मायेची म्हणून सांगता येईल अशी तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती.

मुलगी झाली. मास्तरांनी नाव ठेवलं चित्रा.

चित्रा शाळेत जाऊ लागली तेव्हा कोकिळेचं नाव नर्सिंगच्या ट्रेनिंगला लागलं. शेजारच्या देवकाबाई नर्स होत्या, त्यांनीच अर्ज भरवला होता. मास्तरांनी ऐकलं आणि ताट बाजूला सारलं.

"ज्याचं चित्र म्युझियममध्ये लागलं त्याची बायको लोकायचं हागणंमुतणं काढन?"

वऱ्हाडी बोलले म्हणजे विषय संपला. कोकिळेनं देवकाबाईंना जाऊन नाही म्हणून सांगितलं. देवकाबाई म्हणाल्या, "चित्र काय पोट भरते का वो?" कोकिळेला राग आला होता त्यांचा.

मधल्या वर्षांत तिनं दोनदा म्युझियमची गोष्ट काढली. एकदा मास्तर म्हणाले, तिथं रंगकाम चालू आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुले काय समजते चित्रातलं?" मग तिनं विचारणं सोडलं.

त्र्याऐंशी साली मास्तरांना कावीळ झाली आणि महिनाभरात ते गेले. शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर म्हणाले, वर्ध्याचं नाव अजब बंगल्यात नेणारा कलावंत हरपला. मास्तरांचे थोरले भाऊ रूपराव गावाहून आले होते, ते पहिल्या रांगेत रडले. त्यानंतर कोकिळा एका होस्टेलात पोळ्या लाटायला जाऊ लागली. नर्सिंगचं वय निघून गेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती चित्राला घेऊन नागपूरला गेली. बापाचं काम पोरीनं पाहावं, एवढंच मनात. आणि आपणही आता पाहावं.

सांगाडा लागला. वाघ लागला. वाघाच्या डोळ्यांत काचेच्या गोट्या होत्या आणि कानाजवळची शिवण उसवली होती. कोकिळा जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग चित्रांच्या दालनाशी आली तशी तिनं चपला काढल्या.

"आई, घाल. देऊळ नाई हे," चित्रा कुजबुजली.

चित्र कसं पाहतात हे तिला माहीत नव्हतं. किती दूर उभं राहायचं, बोललेलं चालतं का, एकापुढं किती वेळ थांबायचं. ती भिंतीला धरून चालल्यासारखी एकेका चित्रापाशी थांबत गेली आणि प्रत्येकात गाठोडी शोधत गेली. राजे होते, घाट होते, फळांची टोपली होती. आणि मग कोपऱ्यात ते दिसलं. चार बाया, डोक्यावर कापसाची गाठोडी, मागे उतरतं ऊन.

चित्रा धावत जाऊन खालची पट्टी वाचू लागली. नाव दुसऱ्याच कोणाचं होतं, दूरच्या गावचं.

कोकिळा त्या चित्रापुढून हलेना. सगळ्यात मागच्या बाईची मान ओझ्यानं किंचित कलली होती, आणि ते पाहताना कोकिळेची स्वतःची मान दुखू लागली. घरातली मास्तरांची चित्रं तिच्या डोळ्यांपुढं आली. त्यातल्या बाया बाहुल्यांसारख्या ताठ उभ्या असत. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण दोन्हींतला फरक तिला कळला. मास्तरांना तो किती आधी कळला असेल, हेही मनात आलं.

दारापाशी स्टुलावर एक म्हातारा राखणदार बसला होता. तिनं त्याला विचारलं.

"वर्ध्याच्या मास्तरचं? इथं नाई बाई."

"काढून ठेवलं असन."

"काढलेली बी मले ठाऊक हायेत. नव्हतंच." मग तो म्हणाला, "वर्ध्याचे एक मास्तर येत जात दरसाल, पोरायले घेऊन. या गाठोड्याच्या चित्रापुढं लई वेळ उभे राहत. पोरं विचारत, सर, तुमचं कोणतं? तं म्हणत, ते आतल्या बंद खोलीत हाय. मी कशाले बोलू? माह्यं काय जाते?"

बाहेर आल्यावर कोकिळा त्याच निंबाखाली बसली. गरोदर बायकोला सांगाड्यांपासून जपणारा तो माणूस कधी नव्हताच. तो फक्त आपली पोल झाकत होता. बारा-तेरा वर्षं तिनं ती गोष्ट पदराच्या गाठीसारखी जपली होती.

चित्रा दूर उभी होती, डोळे लाल. "काऊन विचारलं तू?" ती म्हणाली. "विचारलं नसतं तं काय झालं असतं?"

घरी परतेपर्यंत ती आईशी बोलली नाही.

रूपराव पुढच्या खेपेला आले तेव्हा कोकिळेनं त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तुले दिसलं नसन. चित्रातलं काई समजते का तुले? आन् मेल्या माणसाले खोटं पाडून राह्यली तू. हे बाहेर बोलू नको."

ती बाहेर बोलली नाही. पण मास्तरांच्या तिथीला स्वयंपाक करताना तिच्या हाताला चव राहिली नव्हती. पानावर बसलेल्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

एकोणनव्वद साली चित्राला समुद्रपूरचं स्थळ आलं. मुलाचे वडील नत्थूजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, भला माणूस. रूपरावांनी बोलणी चालवली आणि नेहमीसारखं सांगितलं, "पोरीच्या बापाचं चित्र अजब बंगल्यात लागेल हाय."

नत्थूजींनी कौतुकानं कोकिळेकडे पाहिलं. "मंग एकदा पाहाले जाऊ आम्ही."

रूपराव आणि चित्रा दोघंही तिच्याकडे बघत होते. कोकिळेनं चहाची बशी पुढं केली.

"जाजा," ती म्हणाली. "तिथं चांगली चित्रं हायेत."

पाहुणे गेल्यावर कपबशा विसळताना चित्रा म्हणाली, "बरं केलं आई, बोलली नाई ते." कोकिळेला ते मुळीच आवडलं नाही.

लग्न झालं. नागपूरला बघायला कोणी गेलं नाही. पहिल्या संक्रांतीला कोकिळा समुद्रपूरला वाण घेऊन गेली, तेव्हा शेजारच्या बायका तिला बघायला जमल्या. चित्रानं सासरी सगळं सांगून ठेवलं होतं. तिच्या सांगण्यात आता बापाची दोन चित्रं म्युझियममध्ये होती.