तो अभ्यासक्रम माझा नाही

वाळूजच्या बाजूला एक शाळा आहे. तिथं नववी-दहावीच्या मुलांना सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवतात, तेही कॉलेजच्या पातळीचं. शाळेच्या माहितीपत्रकात तो अभ्यासक्रम माझ्या नावावर आहे, त्यामुळे बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की माझं अभिनंदन करतं. माझ्या वयात अभिनंदनं फारशी येत नाहीत, म्हणून आलेली मी बरेच दिवस घेत राहिलो. आता ती ज्यांची आहेत त्यांना पोचवायची आहेत.

संस्थेच्या अध्यक्षांची कल्पना चांगली होती. शाळेतली बहुतेक मुलं कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आईबापांची. भाव का चढतात, मजुरी कशी ठरते, हे मुलांना कॉलेजची वाट न पाहता कळावं, असं त्यांना वाटत होतं. त्यासाठी त्यांनी मला बोलावलं, कारण मी आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं होतं. खरं तर मी ते सांगितलं होतं आणि मुलांनी लिहून घेतलं होतं. माझ्या नोट्सच्या झेरॉक्सवर मराठवाड्यातल्या निम्म्या पदवीधरांचा पेपर सुटला असेल. त्यातल्या किती जणांना काय कळलं, हे विचारायची पद्धत आमच्यात नव्हती.

माझ्या मदतीला शाळेतल्या एक मॅडम दिल्या होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. अर्थशास्त्रात एम.ए., वर बी.एड., आणि शाळेत तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास मिळतील तितकीच नोकरी. नवा विषय त्यांच्याकडे आला असता तर पुढच्या वर्षीही शाळेत राहता आलं असतं. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हा माझं लक्ष चहाकडे होतं.

मी केलेला आराखडा त्यांनी शांतपणे वाचला. व्याख्या, गृहीतके, अपवाद, टीका, अशा ओळीनं सगळं होतं.

"सर, हे तर बी.ए.चंच आहे."

"मग? कॉलेजची पातळी पाहिजे ना?"

"पातळी पाहिजे. पण लेकरं शाळेतलीच ऱ्हाणारेत ना, सर."

मला ते थोडं लागलं. मी म्हटलं, एका रविवारी वर्ग बोलवा, करूनच दाखवतो.

मुलं आली. मी फळ्यावर मागणी वक्र काढला. उदाहरण खुलताबादच्या रस्त्यावरच्या पेरूंचं घेतलं, म्हणजे मुलांना जवळचं वाटेल. उभ्या अक्षावर पेरूचा भाव, आडव्या अक्षावर किती पेरू खपले ते. भाव वाढला की खप कमी, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे खाली. हा वक्र मी झोपेतही काढू शकतो. माझी मुलं झोपेतच तो उतरवून घेत.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, भाव बदलल्यामुळं खप बदलतो ना?"

"बरोबर."

"मग भाव आडव्या अक्षावर पाहिजे. ज्याच्यामुळं बदल होतो ते आडवं घ्यायचं, असं गणिताच्या सरांनी शिकवलंय."

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "अर्थशास्त्रात असंच असतं."

"का?"

"असतं म्हणजे असतं."

मुलगी खाली बसली, पण पटल्यासारखी नाही. आणि बाकीचा वर्गही तिच्या बाजूला गेला, हे मला पाठमोरं असूनही कळलं.

तेव्हा मॅडम पुढं आल्या. त्यांनी मुलांना सांगितलं, "तुमच्या गणितासारखं काढा. भाव आडवा." मुलांनी काढलं. "आता कागद उलटा करा, पाठीमागची बाजू पुढं. मग घड्याळाचा काटा फिरतो तसा एक पाव वळसा द्या. आता खिडकीला लावा आणि आरपार बघा."

मुलं खिडक्यांकडे धावली. उजेडात कागदाच्या मागून रेषा दिसत होती. भाव उभा झाला होता आणि खप आडवा. माझा फळ्यावरचा वक्र जसाच्या तसा.

"दोन्ही एकच," मॅडम म्हणाल्या. "जुन्या लोकांनी या बाजूनं बघितलं, तीच सवय जगात ऱ्हायली. आपल्याला दोन्हीकडून बघता यायला पाहिजे."

त्या दिवसापासून अभ्यासक्रम खऱ्या अर्थानं त्यांनी बनवायला घेतला. मुलांना आधी जे येतं तिथून सुरू करायचं, मग पुस्तकाकडे वळायचं. संधी खर्च शिकवताना त्यांनी मुलांना विचारलं, आज इथं येण्यासाठी तुम्ही काय सोडलं? कुणी क्रिकेट सोडलं होतं, कुणी मामाच्या घरचं जेवण. एकानं मला विचारलं, "सर, तुम्ही काय सोडून आलात?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "काहीच नाही." तो म्हणाला, "मग तुम्ही आम्हाला फुकट पडलात." मॅडमनी त्याला शाबासकी दिली.

माझं काम उरलं ते शुद्धलेखन तपासण्याचं.

मग पालकसभा झाली. अध्यक्षांनी भाषणात कागद खिडकीला लावायची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "ही आमच्या सरांच्या अनुभवाची कमाल!" टाळ्या पडल्या. मी मान हलवली. ती होकाराची होती की संकोचाची, हे पाहणाऱ्यानं ठरवावं अशी मी ती हलवली. तिसऱ्या रांगेत मॅडम टाळ्या वाजवत होत्या. तासिका तत्त्वावरचं माणूस भर सभेत अध्यक्षांना खोडून काढत नाही.

अध्यक्ष पुढं म्हणाले, विषय कॉलेजचा आहे, तेव्हा शिकवायला कॉलेजातलेच प्राध्यापक आणू. सरांचेच एक विद्यार्थी आहेत.

त्या विद्यार्थ्याला मी ओळखत होतो. माझ्या नोट्स त्याच्याइतक्या निष्ठेनं कुणी पाठ केल्या नव्हत्या.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन खरं सांगा. त्यात काय एवढं?"

सकाळी अध्यक्षांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, ते सगळं मॅडमनी केलंय. मी काही केलेलं नाही."

अध्यक्ष उठून माझ्या पाया पडले. "सर, हा तुमचा मोठेपणा! आजकाल लोक दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर खपवतात."

मी पुन्हा सांगितलं, जरा आवाज चढवून. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला चहा पाजला आणि गाडीनं घरी सोडलं.

बायको हसून हसून पलंगावर बसली. "अहो, जन्मात एकदा मोठेपणा सोडायला निघालात, तर तिथंही तो दुप्पट करून घेऊन आलात!"

मग मी ठरवलं की बोलून उपयोग नाही. अध्यक्षांना निरोप पाठवला, एकदा माझा तास बघायला या. मला यातलं कितपत येतं, ते त्यांनी स्वतःच पाहावं. ते आनंदानं आले आणि मागच्या बाकावर मुलांसारखे बसले. मॅडम दाराशी उभ्या होत्या. मी मुद्दाम चुकणार होतो, असं कुणाला वाटेल. तेवढी हुशारी माझ्यात नाही. मी मनापासून करायला गेलो. मोठ्या कागदावर भाव आडवा घेऊन आलेख काढला, कागद उलटा केला आणि वळसा दिला, पण काट्याच्या विरुद्ध. खिडकीला लावला, तर पेरूचा भाव वरच्याऐवजी खाली खाली वाढत जमिनीकडे निघाला.

"भाव पाताळात चालला, सर!" एक पोरगा ओरडला.

मी आणखी फिरवला. आता काहीच कशाशी जुळेना. मुलं बाकं वाजवायला लागली. शेवटी मी कागद हातात धरून म्हणालो, "मॅडम, हे कसं करायचं असतं?"

त्या आल्या. आधी उलटा, मग काट्याच्या दिशेनं. क्षणात झालं. मग त्यांनी मुलांना विचारलं, सरांचं काय चुकलं ते आलेखावर दाखवा, आणि माझ्या चुकीवरच पुढचा अख्खा तास घेतला. अध्यक्ष मध्येच पुढच्या बाकावर येऊन बसले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही त्या दिवशी खरंच बोलत होता?"

"व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडून गावाकडचा होकार निघाला, यावरून माझी अवस्था समजावी.

विषय मॅडमना मिळाला, वर्षभराचे तास मिळाले. माहितीपत्रक मात्र छापून वाटून झालं होतं, म्हणून हे लिहिणं. पहिली चाचणी झाल्यावर त्यांचा फोन आला.

"सर, मागणीच्या लवचिकतेच्या धड्यावर निम्मा वर्ग आपटला. अध्यक्ष विचारायलेत, हा धडा कुणी असा बसवला?"

मी सावध झालो. माहितीपत्रकावर नाव अजून माझंच होतं. "मग? काय सांगितलंत?"

"मीच बसवला, असं सांगितलं. लई बोलणी खाल्ली." त्या हसत होत्या. "तुमचं नाव घेतलंच नाय, सर. उगं तुम्हाला श्रेय कशाला?"