मंदाकिनीचं वाण

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. सकाळी बराच गारठा. नळ उशिरा आला. श्रावणी पिशवी ठेवून गेली. मंदाकिनीशिवायची ही पहिली संक्रांत.

एवढं लिहून शर्मिष्ठाबाईंनी पेनला टोपण लावलं. पिशवीत जुन्या सुती साड्यांचे, कडेनं नाडी ओवलेले गोल तुकडे होते. पाण्याच्या ड्रमवर बांधायचे. मंदाकिनीनं ते आजारपणातच शिवून ठेवले होते. दिवाळीआधी ती गेली.

"काकू, मले ड्यूटीतून सुट्टी नाही," तिची सून श्रावणी म्हणाली होती. "आईचं वाण तुम्हीच न्या ना पाऱ्यात, गल्लीतल्या घरोघरी."

"मी? संक्रांतीचं वाण? अगं, लोक काय म्हणतील?"

"ते तुमाले ठाऊकच आहे. आई काय म्हणली असती, तेही."

शंकर नगरच्या त्या गल्लीत पाणी भरून ठेवावं लागे, आणि पावसाळा सरला की घरोघरी डासांमुळे ताप. ड्रम तपासायला कोणी आलं की बाया दारातूनच वाटेला लावत. परक्या माणसाला आपली मोरी कोण दाखवणार? मग मंदाकिनीनं, रेल्वेतल्या गार्डाच्या या बायकोनं, युक्ती काढली. संक्रांतीचं वाण घेऊन आलेल्या बाईला कोण अडवतं? "माझं वाण हातात नाही देत मी, ड्रमवर बांधून देते," म्हणत ती थेट मागच्या अंगणात शिरायची, आणि गप्पा मारता मारता घरच्या बाईकडून ड्रम घासूनही घ्यायची. तापाच्या दिवसांत मुलं अंगणात खेळताना दिसू लागली, तेव्हा गल्लीला तिची किंमत कळली.

यजमान विनायकराव गेले त्या वर्षी शर्मिष्ठाबाईंनी संक्रांतीला दार लावून घेतलं होतं. मंदाकिनीनं कडी वाजवली.

"उघड ना वं! काहून लपून राहिली?"

"मला आता वाण कशाला, मंदा?"

"मच्छर काय कुंकू पाहून चावते? सरक, ड्रम दाखव."

कित्येक महिन्यांनी शर्मिष्ठाबाई हसल्या. ड्रम बांधून झाल्यावर मंदाकिनीनं त्यांच्या कपाळाला हळद लावली, हातावर तिळगूळ ठेवला. "चाल आता माझ्यासंगं. नाडी कोण धरन?"

तेव्हापासून दर वर्षी त्या बरोबर जात. पण वाण द्यायची मंदाकिनी. या नुसती नाडी धरायच्या.

दुपारी त्यांनी पिशवी उचलली. पहिलंच घर मीराबाईंचं. रीतभात काटेकोर पाळणारी बाई, त्यात सून अनुश्रीची लग्नानंतरची पहिली संक्रांत. शर्मिष्ठाबाईंचा हात फाटकाच्या कडीपर्यंत गेला आणि मागे आला.

"दादी, वो ड्रमवाला कपड़ा लाई हो?" अनुश्रीच बाहेर आली, अंगावर काळी साडी आणि हलव्याचे दागिने. "आइए ना!"

तिच्यामागून मीराबाई आल्या. त्यांनी शर्मिष्ठाबाईंच्या कपाळाकडे पाहिलं, मग पिशवीकडे. शर्मिष्ठाबाई वळणारच होत्या.

"मंदाचंच हाय ना?"

"हव."

"मग फाटकात काहून उभ्या? पोरीची पहिली संक्रांत आहे, रिकाम्या हातानं परत जाता काय? ड्रम मागं आहे." मीराबाईंनी पदर खोचला. "चला, नाडी मी धरते."

संध्याकाळी शर्मिष्ठाबाईंनी डायरीत लिहिलं: पिशवी रिकामी झाली. आपल्या ड्रमचं कापड एका बाजूनं उसवलं आहे. उद्या टाके घालायचे.