पुढच्या ब्रेकची तार

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, देवानंदले तर नाहीच. मंग तुम्हाले काऊन सांगून राह्यलो? माहीत नाही. लिहाले बसलो, एवढंच खरं.

धामणगाव बढ्यात माहं झेरॉक्सचं दुकान हाय. माहा दोस्त देवानंद विजेच्या खात्यात लाइनमन — होता म्हणा. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. खांबावर चढणारा माणूस ऑफिसात खुर्चीवर बसून लोकायच्या तक्रारी लिहून घेते, अन् नशिबाले दोष देते. दुकानाच्या पायरीवर त्याचा आवाज आला का अजूनबी मी मशीनमंधी वाकून कागद शोधाले लागतो. अन् गावात माहं नाव काय झालं माहीत हाय? दोस्तासाठी नागपूरची राइड सोडणारा माणूस. मी मान खाली घालतो, तर लोकायले तो माहा विनय वाटते.

नागपूरचं खूळ देवानंदचं. सायकलनं जायचं अन् परत यायचं, पाच दिवसात. सहा महिने आम्ही तयारी केली. दर रविवारी राजूर घाट चढून बुलडाणा, तिथं चहा-पोहे, अन् घाट उतरून घर. चढ मले जमे. दम लागे, पोटऱ्या भरून येत, पण जमे. उतार — उताराची मले भीती वाटे. कशी सांगू? मागून ट्रकनं हॉर्न मारला का बोटं ब्रेकवर आखडून जात. देवानंद सुसाट खाली जाऊन माही वाट पाहत उभा राहे. मी पोचलो का म्हणे, "काय बे, सायकलवर बसून आला का तिले खांद्यावर घेऊन?" मीबी हासत होतो. भेतो म्हणून कधी सांगतलं नाही. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कोणत्या तोंडानं सांगन?

ऐन टायमाले काही तरी कारण काढू, असं मनात होतं. पण आमच्या गावाले धीर कुठं? जायच्या पंधरा दिवस आधीच सत्कार करून टाकला. शाल, नारळ, भाषणं, अन् माह्या दुकानासमोर आमच्या दोघायच्या फोटोचा बॅनर. अजून गावाची वेस ओलांडली नव्हती अन् लोकं वाकून नमस्कार करत. आता माघार कशी घेऊ? जेवण जाईना मले. बायको म्हणे, प्रॅक्टिस जास्त होऊन राह्यली.

आता मुद्द्याचं. आमचा एक नियम होता, देवानंदनंच घातलेला. घाटाच्या आदल्या सांजेले आपली सायकल दुसऱ्यानं तपासायची. आपल्या सायकलचा दोष आपल्याले दिसत नाही, म्हणे. त्याच्या कामातबी तसंच — खाली उभा असलेला जोडीदार "बंद हाय" म्हणते, तवाच वरचा माणूस तारेले हात लावते. पुन्हा इचारत नाही. इचारलं तर जोडीदार कसला?

नागपूरले निघाले अजून आठ दिवस बाकी होते. शनिवारी सांजेले दुकानाच्या ओट्यावर मी त्याची सायकल तपासली. चाकं, चेन, सीट. पुढच्या ब्रेकच्या तारेवर अंगठा फिरवला तर टोचलं. वाकून पाह्यलं — मुठीजवळ तार उसवली होती. दोन-तीन धागे धड, बाकी तुटलेले. तो माह्याकडे पाठ करून माह्या चाकात हवा भरत होता.

त्या तारेकडे पाहत मी काय इचार केला? तुटली तर राइड पुढं ढकलली जाईन. महिना, दोन महिने. अन् माहं नाव खराब होणार नाही. सपाटीवरच तुटन, असं मनाले सांगतलं का? सांगतलं. मनाले पटलं का? नाही. सकाळी घाट उतरायचा होता, हे मले चांगलं माहीत होतं. अंगठ्याले रक्ताचा ठिपका आला होता, तो पँटीले पुसला, अन् म्हटलं, "ठीक हाय."

त्यानं वळूनबी पाह्यलं नाही.

रविवारी चढ चढतानी वाटलं, आता सांगावं. चहा पेतानी वाटलं. त्यानं आपल्या ताटलीतली लिंबाची फोड मले देली, तवा तर तोंड उघडलंबी होतं. मंग काय म्हटलं? पोहे चांगले हायेत, म्हटलं.

उतारावर तो पुढं. मी मागं, ब्रेक दाबत. एका वळणापलीकडून त्याची ओरड आली, मंग खडी सरकल्याचा आवाज, मंग काहीच नाही. मी वळण घेतलं तर तो कठड्याले लागून पडला होता, खांदा भलतीकडे, तोंड पांढरंफट. मले पाह्यलं अन् पहिले म्हणे, "तुहा ब्रेक पाह्य बे. माहा गेला. तुहाबी पाह्य."

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रडलो. ते रडणं खोटं नव्हतं. पण रडू यायच्या आधी — सायकल आडवी टाकून त्याच्याकडे धावतानी — एक गोष्ट मनात आली होती. त्या तारेपेक्षा मले तिची जास्त भीती वाटते.

आता जावं लागत नाही, असं मनात आलं. अन् हायसं वाटलं मले.