चिंचेने घासलेली सुरई

शैलाताईंच्या घरच्यांवरचा माझा राग आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी नको. त्यांचा मुलगा सोहम आणि सून ऐश्वर्या सकाळी फ्रीवे धरतात ते दिवेलागणीला उगवतात. डबे, धुणं, छोट्या स्पृहाची शाळा, सगळं ताईंच्या गळ्यात. वर सोहम म्हणतो, "आई आहे ना, नो वरीज!" त्याला कसली आलीय वरी! पण मी पडले शेजारीण, मी कोण बोलणार?

इथे परदेशात, पॉइंट कुकसारख्या ठिकाणी ताईंना जीव लावणारी एकच, कुंपणापलीकडची नेरमीन. तुर्कस्तानातल्या चानाक्कालेची म्हातारी. दोघींचं इंग्लिश तोडकंमोडकं, पण दुपारी चहाचे कप घेऊन बोलत बसायच्या. नेरमीनचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि घरात रंगकामही निघालं, तेव्हा तिने आपल्या आईची सुरई टॉवेलात गुंडाळून ताईंकडे दिली. "तुझ्याकडेच ठेव, बाकी कुणावर भरवसा नाही," म्हणाली.

सुरई बघाल तर पितळेचीच वाटेल. लांब मान, बाकदार तोटी, पोटावर ठोकून काढल्यासारखी फुलं, आणि वर काळवंडलेलं सोनेरी. दिवाळी तोंडावर आलेली. ताईंनी समया, निरांजनं, तांब्या, सगळी देवाची भांडी सिंकपाशी काढली, चिंच कोळली आणि त्याच झपाट्यात सुरईही घासली. दुसऱ्याची वस्तू लख्ख करून परत द्यावी, एवढंच मनात.

सोनं सगळं घासणीला लागलं. खाली निघाली तपकिरी झिलई, आणि ती जिथे उडालेली तिथे लाल माती. नेरमीनच्या गावाकडे मातीच्याच भांड्याला असा धातूचा थाट देतात म्हणे, वर नुसता सोनेरी हात फिरवलेला.

त्यांनी मला बोलावून घेतलं. मी कपाळावर हात मारला. "अहो ताई, पितळ टणकन वाजतं! एवढं कळू नये?"

"वाजवून कोण बघतंय गं? काळं दिसलं की घासायचं. डोकं कुठे चालतं हल्ली, नुसते हात चालतात." त्यांनी सुरई टॉवेलात गुंडाळली. "आता ती माझ्याशी बोलायची नाही. मग मी कुणाशी बोलू?"

सोनेरी रंग आणून लावू या म्हटलं, तर नको म्हणाल्या. फसवायचं नाही तिला. नेरमीन इस्पितळातून घरी आली त्या दुपारी त्या सुरई घेऊन निघाल्या आणि मलाही ओढत नेलं.

नेरमीनने फुलांवरून बोटं फिरवली. रडली. मग भडकली, तिच्या भाषेत बरंच काय काय बोलली. ताई मान खाली घालून उभ्या. एकाएकी तिने ताईंचे हात ओढून घेतले. कातडी सोलवटलेली, नखं काळी.

"स्वतःच्या घरात मरमर घासतेस, ते पुरत नाही?" ती इंग्लिशमध्ये ओरडली. "माझंही घासायला गेलीस? बस इथे आधी. किती दमलीयेस!"

ताई बसल्या. "हो गं," म्हणाल्या, "फार दमलेय." आणि हुंदके देऊन रडायला लागल्या.

शाळा सुटायची वेळ झाली तशा त्या सवयीने उठायला गेल्या. नेरमीन हात सोडेना. मग स्पृहाला आणायला मीच गेले, आणि वाटेत सोहमला फोन करून सांगितलं, आज रात्रीचं जेवण तुमचं तुम्ही बघा.